विहिरीतले विष आणि परका माणूस

शिवडीहून निघालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचे अंतर कापून उरण तालुक्यात चिर्ल्याला जमिनीला लागतो. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वर्तमानपत्रांची पानेच्या पाने भरली, पण या पुलाच्या खर्चाचा मोठा वाटा जपान सरकारच्या 'जायका' या संस्थेने कर्जरूपाने दिला आहे, ही गोष्ट कोपऱ्यात छापून आली. न्हावा-शेवा बंदरातून उत्तरेकडे जाणाऱ्या मालवाहू रेल्वेमार्गालाही जपानचेच कर्ज आहे. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर जपान आधी पैशाच्या रूपाने आला. आता तो माणसे मागायला आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी टोकियोत जाहीर केले की, पाच वर्षांत पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल कामगार जपानला जावेत. आयटीआय झालेली, नर्सिंग केलेली आपली मुलेमुली जपानी भाषेच्या वर्गांची चौकशी करू लागली आहेत. वृद्धांची सेवा, शेती, कारखाना, बांधकाम अशी ही कामे आहेत.

आपल्या घरांत जपानविषयी एक वेगळाच जिव्हाळा आहे. विहारातली मूर्ती जपानहून आलेली असते, बुद्धजयंतीला एखादा जपानी पाहुणा येतो, आणि आपला समाज मनोमन ठरवून टाकतो की, तो बुद्धाचा देश आहे, तिथे जात नाही, तिथे गेलेल्या माणसाला कोणी आडनाव विचारणार नाही. मुलांनी जपानला जरूर जावे, असेच माझे मत आहे. पण जिथे जायचे त्या देशाचा इतिहास माहीत नसताना जाणे म्हणजे वकीलपत्र न वाचता सही करणे होय. आणि हा इतिहास वाचला की दिसते ते केवळ जपानचे नाही. ते महाडचे आहे, आणि आज आपल्या बंदरांवर चालू असलेल्या कुजबुजीचेही आहे.

आधी आजचा जपान पाहू. २०२४ च्या अखेरीस तिथे सुमारे ३७ लाख ६९ हजार परदेशी नागरिक राहत होते. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण जेमतेम तीन टक्के. दुसऱ्या बाजूला त्याच एका वर्षात जपानी नागरिकांची संख्या नऊ लाखांहून अधिक घटली. माणसे हवीत हे कारखानदाराला कळते, म्हाताऱ्या आईबापांची सेवा करणाऱ्या संस्थांना कळते. तरी जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' ही घोषणा देणाऱ्या सानसेइतो या पक्षाने १४ जागा जिंकल्या. पुढच्याच महिन्यात जायकाने जपानमधील चार शहरांची आफ्रिकेतील चार देशांशी मैत्री जोडण्याचा एक साधा कार्यक्रम जाहीर केला. लगेच अफवा उठली की, ही शहरे आफ्रिकनांना राहायला देऊन टाकली! नगरपालिकांचे फोन दिवसभर खणखणू लागले, निदर्शने झाली, आणि सप्टेंबरमध्ये जायकाने तो कार्यक्रम गुंडाळला. उरणला पूल बांधून देणाऱ्या संस्थेला स्वतःच्या घरात एका अफवेपुढे मान तुकवावी लागली.

सामान्य जपानी माणसाला याबद्दल विचारले तर त्याचे म्हणणे साधारण असे असते की, आमचा देश लहान, आमच्या रीती वेगळ्या, आम्ही कोणाचा द्वेष करीत नाही, पण गर्दी नको. हे म्हणणे सरळ वाटते. परंतु शंभर वर्षांपूर्वी हाच जपान नेमक्या याच म्हणण्याचा बळी होता. त्या वेळी दार बंद करणारा गोरा अमेरिकन होता आणि दारात उभा होता तो जपानी मजूर.

१८८५ पासून जपानचे गरीब शेतकरी हवाईच्या उसाच्या मळ्यांत जाऊ लागले, मग कॅलिफोर्नियात, १९०८ पासून ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांत. कर्जात बुडालेल्या घरांच्या मुली दलालांनी बोटींतून बाहेर नेल्या आणि सिंगापूरपासून आपल्या मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत विकल्या. आज आपल्याला जपान श्रीमंत दिसतो, म्हणून हे सांगणे भाग आहे. कॅलिफोर्नियात या लोकांनी शेती फुलवली तेव्हा त्यांना जमीन विकत घेण्याची बंदी करणारे कायदे झाले. १९१९ साली पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समतेचे कलम घालावे असा ठराव मांडला. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. तरी अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ठराव बाजूला सारला. स्वयंनिर्णयाच्या गोष्टी करणारा हाच तो विल्सन!

इथे कायद्याच्या विद्यार्थ्याने दोन खटले शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिला ताकाओ ओझावा यांचा. तरुणपणी अमेरिकेत गेलेला, तिथे शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा हा जपानी माणूस. त्याने नागरिकत्व मागितले. त्या वेळी कायद्याने ते फक्त 'गोऱ्या मुक्त व्यक्तीं'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कातडी गोरी असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांचा खटला निकाली निघाला. पंजाबचा हा शीख तरुण अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला होता. कॉकेशियन वंशच पाहिजे ना, मग आम्ही उच्चवर्णीय हिंदुस्थानी आर्यच आहोत, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला. एवढ्यावर थांबले नाहीत. उच्चवर्णीय हिंदू हा देशातल्या मूळनिवासी माणसाकडे लग्नसंबंधाच्या दृष्टीने त्याच नजरेने पाहतो ज्या नजरेने अमेरिकन गोरा काळ्या माणसाकडे पाहतो, असेही लेखी मांडले गेले. म्हणजे आमच्याकडे अस्पृश्यता आहे म्हणून आम्हाला गोरे समजा! न्यायालयाने तेही मानले नाही. वर जाताजाता टोला मारला की, जातीचे नियम रक्तमिश्रण रोखण्यासाठीच केलेले असले तरी ते पुरते यशस्वी झालेले दिसत नाहीत. दोन्ही निकालपत्रे एकाच न्यायमूर्तीची, सदरलँड यांची. ओझावाला कातडी चालली नाही, थिंडला वंश चालला नाही. गोऱ्यांची व्याख्या गोरेच करणार.

याच अमेरिकेत १९१६ साली न्यूयॉर्कला बाबासाहेबांनी जातीवरचा आपला पहिला निबंध वाचला होता आणि जात ही वंशातून आलेली नाही, ती बंदिस्त वर्गाची रचना आहे, असे दाखवून दिले होते. सात वर्षांनी उच्चवर्णीयांची बाजू न्यायालयात वंशाच्या नावाने जात विकायला उभी राहिली. कोण आधुनिक आणि कोण मागासलेला, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

१९२४ साली अमेरिकेने जपानी मजुरांना दार कायमचे बंद केले. जपानमध्ये संतापाची लाट उसळली आणि त्या संतापावर सेनाधिकाऱ्यांनी आपली पोळी भाजली. गोऱ्यांनी आपल्याला हाकलले, आता आशिया आशियाचा, असे ते म्हणू लागले. दाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच गरिबांना त्यांनी मांचुरिया दाखवला. १९३१ साली सैन्य तिथे घुसले आणि पुढच्या वर्षांत पावणेतीन लाखांच्या आसपास शेतकरी माणसे चिन्यांकडून काढून घेतलेल्या जमिनीवर वसवली गेली. स्थलांतर आणि लष्करी मोहीम ही एकाच बैलगाडीची दोन चाके झाली. १९४५ साली रशियन फौजा आल्या तेव्हा सेनाधिकारी मागे हटले आणि हे शेतकरी, बायकामुले तिथेच टाकली गेली.

जपानची ही तक्रार खरी होती, अपमान खरा होता. पण ज्याचा अपमान होतो तो आपोआप समतावादी होत नाही. पॅरिसमध्ये जपानी प्रतिनिधी वांशिक समतेचे भाषण करीत होते त्याच दिवसांत, १ मार्च १९१९ पासून, कोरियात स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांवर जपानी बंदुका चालत होत्या. कोरिया १९१० साली गिळंकृत झाला होता. तिथले भूमिहीन जपानच्या खाणींत, रेल्वेच्या कामांवर येत. कागदोपत्री ते जपानी प्रजाजन, प्रत्यक्षात परके, स्वस्त आणि संशयित.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी टोकियो-योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप झाला. आगी लागल्या. एक लाखाहून अधिक माणसे मेली. संध्याकाळपासून अफवा पसरली की, कोरियन लोक आगी लावत आहेत आणि विहिरींत विष कालवत आहेत. गावोगाव तरुणांची पथके काठ्या, भाले, तलवारी घेऊन नाक्यांवर उभी राहिली. गृहखात्याच्या पोलिस प्रमुखाने तर ही अफवा खरी धरून नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून सर्व प्रांतांना तार पाठवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द म्हणायला लावत. कोरियन जिभेला त्यातले काही उच्चार जमत नाहीत. ज्याची जीभ अडखळली तो संपला. हजारो कोरियन असे मारले गेले, चिनी मजूरही मारले गेले. विष कोणत्याही विहिरीत सापडले नाही.

आणि आता ज्या घटनेसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. ६ सप्टेंबर १९२३, चिबा प्रांतातले फुकुदा गाव, तोने नदीचा तर. दूरच्या शिकोकू बेटावरील कागावा भागातून औषधे विकत फिरणारी पंधरा जणांची टोळी होडीची वाट पाहत थांबली होती. बायका होत्या, लहान मुले होती. त्यांची बोली टोकियोकडच्या लोकांना कळेना. गावकरी म्हणाले, हे कोरियन. त्यांच्याकडे फेरीवाल्याचा सरकारी परवाना होता. तो खरा की खोटा याची चौकशी चालू असतानाच जमाव तुटून पडला. नऊ जण ठार झाले. त्यांत मुले होती, एक गरोदर स्त्री होती. ते कोरियन नव्हते. ते बुराकुमिन होते. म्हणजे जपानचे अस्पृश्य.

होय, जपानमध्ये अस्पृश्यता होती. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, प्रेते हाताळणारे लोक गावाबाहेरच्या वस्त्यांत राहत. १८७१ साली सरकारी हुकुमाने त्यांचा कलंक कागदावर पुसला गेला. पण जमीन मिळाली नाही, चांगला धंदा मिळाला नाही, म्हणून कित्येकांना गावोगाव फिरून विकण्याचा धंदा करावा लागे. फुकुदाच्या तरावर ती माणसे का आली होती, याचे उत्तर जातीत आहे. पुढे आठ जणांना शिक्षा झाल्या, पण नवा सम्राट गादीवर आला म्हणून माफी मिळून ते सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांनी अनेक दशके तोंड उघडले नाही, कारण तोंड उघडायचे म्हणजे आपली जात सांगायची. स्थानिक संशोधकांनी चिकाटीने माहिती खणून काढली तेव्हा कुठे २००३ साली तिथे स्मारक उभे राहिले. २०२३ साली त्यावर चित्रपटही निघाला. परक्याची शिकार करायला निघालेल्या जमावाला सापडले ते आपल्याच देशातले सर्वांत खालचे लोक.

विहीर, पाणी, अफवा हे शब्द महाडच्या माणसाला परके नाहीत. फुकुदानंतर साडेतीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागोमाग आपल्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दासगावच्या आर. बी. मोरे यांच्यासारख्या तरुणांनी ही परिषद भरवण्यासाठी गावे पालथी घातली होती. तळे खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. म्हणजे आपल्याही हातात परवाना होताच. पाणी पिऊन लोक परतले आणि गावात अफवा उठली की, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग मंडपात जेवत असलेल्या, घराकडे निघालेल्या माणसांवर काठ्या पडल्या. त्या वेळी काहींना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरच्या परिषदेला सवर्णांपैकी कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा मंडपासाठी दिली. हा इतिहास दरवर्षी महाडला जाणाऱ्या आपल्या किती तरुणांना माहीत आहे? ज्यांना आज उठता-बसता 'परके' म्हणायला आपली पोरे व्हॉट्सॲपवर शिकत आहेत, त्यांच्या उंबरठ्याने आपल्या आज्यापणज्यांचे रक्त थांबवले.

परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर मोठ्या संख्येने होते. आपल्या कोकणातल्या महार पलटणींचा वारसा मोठा आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली त्याविरुद्ध अर्जविनंत्या करीत राहिले. त्या मारहाणीनंतर हातात शस्त्र धरायची सवय असलेली ही माणसे उलट उत्तर द्यायला सज्ज होती. बाबासाहेबांनी त्यांना थोपवले आणि प्रश्न न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण एकही तलवार उपसावी लागली नाही.

जपानच्या अस्पृश्यांचे काय झाले? महाडच्या पाच वर्षे आधी, ३ मार्च १९२२ रोजी, त्यांनी क्योतोत 'सुईहेइशा' ही संघटना काढली. नावाचा अर्थ जमीन पाण्यासारखी समतल करणाऱ्यांची संस्था. भूमिका बाणेदार होती. कोणाची दया नको, आम्ही माणूस आहोत एवढे मान्य करा. बाबासाहेबांच्या भूमिकेशी तिचे नाते पाहून मन भरून येते. पण १९३७ साली चीनशी युद्ध पेटले तेव्हा या संघटनेने युद्धाला पाठिंबा दिला. सम्राटाच्या छत्राखाली सगळे जपानी समान, ही लालूच मोठी होती. १९४२ पर्यंत संघटनाच उरली नाही.

भिक्षूसंघही मागे राहिला नाही. झेन आणि इतर पंथांच्या मठांनी सैनिकांना आशीर्वाद दिले, मारणे हीसुद्धा साधना आहे असे सांगणारे आचार्य निघाले. सोतो या मोठ्या झेन पंथाने १९९२ साली त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. याच पंथाच्या मठांनी बुराकुमिनांच्या मृतांना मरणोत्तर नावे देताना त्यांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली होती. ती दगडावर कोरली गेली. १९७९ साली या पंथाचा एक प्रमुख जागतिक धर्मपरिषदेत म्हणाला की, जपानमध्ये असा भेदभाव नाहीच. बुराकुमिनांच्या संघटनांनी पाठपुरावा केला तेव्हा १९८४ साली त्याला माफी मागावी लागली. बुद्धाची मूर्ती समोर असली म्हणजे जात जाते, हा भ्रम या उदाहरणाने कायमचा जावा. बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा का दिल्या, हे इथे कळते.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही पुष्कळांना वाटत होते की, जपान येईल आणि गोऱ्याला हाकलेल. सुभाषबाबूंच्या देशभक्तीबद्दल शंका नाही. पण बाबासाहेबांनी १९४२ च्या अखेरीस मजूरमंत्री या नात्याने मुंबई आकाशवाणीवरून बोलताना मजुरांनी हे युद्ध जिंकलेच पाहिजे अशी भूमिका घेतली, कारण नाझींचा विजय म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिन्हींचा अंत. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची एक बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत जपान्यांविरुद्ध होती. या भूमिकेवरून बाबासाहेबांना इंग्रजधार्जिणे म्हणणारे अजूनही आहेत. कोरियन माणसाला 'आशिया आशियाचा' म्हणजे काय ते विचारून यावे, एवढेच त्यांना सांगणे. युद्ध संपल्यावरही त्याची सुटका झाली नाही. पिढ्यानपिढ्या जपानमध्ये राहिलेल्या कोरियनांचे जपानी नागरिकत्व एप्रिल १९५२ मध्ये एका खात्याच्या परिपत्रकाने काढून घेतले गेले. कायदा नाही, सुनावणी नाही, परिपत्रक! टोकियोच्या राज्यपाल कोइके यांनी १ सप्टेंबरच्या कोरियन स्मृतिसभेला शोकसंदेश पाठवणेही २०१७ पासून बंद केले.

आता उलट बाजूचे चित्र. १९६० च्या दशकात एक तरुण जपानी भिक्षू भारतात आला आणि नागपूरच्या झोपडपट्ट्यांत राहू लागला. भदन्त सुरेई ससाई. व्हिसाची मुदत केव्हाच संपली. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस बेकायदा घुसखोर होता! त्यांच्यावर खटला झाला, देशाबाहेर काढण्याची वेळ आली. नागपूरची बौद्ध वस्ती त्यांच्या मागे उभी राहिली. १९८७ साली खटला निकाली निघाला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. आर्य नागार्जुन या नावाने पुढे त्यांनी बोधगयेच्या महाविहार मुक्तीचे आंदोलन चालवले. कागद संपलेल्या एका परक्याला ज्या समाजाने आपला म्हटले तो हा समाज. आपण हे करू शकतो, आपण ते केलेले आहे.

आपला किनारा तर येणाऱ्यांनीच घडवला. अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या गलबतातून आलेले बेने इस्रायल इथे 'शनिवार तेली' झाले, पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले. बेने इस्रायल १९४८ नंतर इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या रक्ताची शुद्धता विचारली. अलिबागच्या माणसाला जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सांगितले. कोकणातला माणूस जगात कुठेही गेला तरी जात विचारणारा भेटतोच.

अशा या किनाऱ्यावर आज काय चालू आहे? मच्छीमार बोटींवर नेपाळ, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालचे खलाशी आहेत. मोठमोठ्या इमारतींच्या कामांवर बंगाली मजूर आहेत. आणि प्रत्येक काळ्यासावळ्या, वेगळ्या बोलीच्या माणसाला 'बांगलादेशी' म्हणण्याची साथ आली आहे. किनारा संवेदनशील आहे हे मान्य. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटके उतरली. पण ती उतरू देणारे कोण होते? टाडा न्यायालयात सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलिस दोषी ठरले. पगार खाणारे, इथलेच. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली एक रिकामी बोट लागली तेव्हा जिल्हाभर दहशत पसरली. चौकशीत ती एका ऑस्ट्रेलियन स्त्रीची भरकटलेली नौका निघाली.

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर परत आणावे लागले. बंगालीत बोलणे हाच त्यांचा 'पंधरा येन पन्नास सेन'. आणि या जाळ्यात आणखी कोण सापडते ते चळवळीच्या माणसाने विसरू नये. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांची संविधान सभेची वाट अडवली गेली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्रांनी त्यांना तिथून निवडून पाठवले. फाळणीने तो भाग पाकिस्तानात गेला. ते नमोशूद्र निर्वासित झाले, काही आपल्या गडचिरोलीपर्यंत येऊन वसले. आज मजुरीसाठी फिरणारा, कागद अपुरे असलेला, बंगाली बोलणारा गरीब माणूस अनेकदा त्यांचाच नातू असतो. ज्यांनी बाबासाहेबांना घटना लिहायला पाठवले, त्यांच्या वंशजाच्या कॉलरला हात घालायला आपला तरुण पुढे जाणार असेल तर फुकुदा फार दूर नाही.

कायदाही जाणून घ्यावा. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा हा १९४० च्या युद्धकालीन कायद्याचाच वारस होता. त्यात एक विचित्र तरतूद होती. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी ओझे त्याच खांद्यावर ठेवले. (तारीख पाहावी. कांतोच्या भूकंपाचा स्मृतिदिन.) चोरीच्या आरोपात सरकारने सिद्ध करायचे, पण नागरिक असल्याचे मात्र मजुराने सिद्ध करायचे. ज्याच्या बापाचा जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही, त्याने काय दाखवायचे? आणि असे दाखले कोणाकडे नसतात? कातकरी वाडीवर जाऊन पाहा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्यालाच परतते. उद्या परराज्यात त्याला कोणी 'परका' म्हटले तर तोही निरुत्तर.

म्हणून दोन कामे शाखांनी अंगावर घ्यावीत. जपानला निघालेल्या मुलांसाठी पहिले. १९९३ पासून चालू असलेल्या प्रशिक्षणार्थी योजनेत मालक बदलता येत नव्हता. दलालाचे कर्ज फेडता न आल्याने आणि जाच सहन न झाल्याने २०२३ या एका वर्षात साडेनऊ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थी कामावरून पळाले. २०२४ साली जपानी संसदेने ही योजना मोडीत काढणारा कायदा केला. २०२७ पासून येणाऱ्या नव्या योजनेत ठरावीक काळानंतर मालक बदलता येईल. मार्च २०२१ मध्ये नागोयाच्या कोठडीत, व्हिसा संपलेली श्रीलंकेची ३३ वर्षांची तरुणी उपचाराविना मेली, आणि तिच्यासाठी रस्त्यावर उतरलेले वकील, विद्यार्थी जपानीच होते. असे मित्र तिथे आहेत, त्यांचे पत्ते मुलांच्या खिशात हवेत. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाच परदेशी पाठवता येते आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अडीच लाख मोजले होते, पावती नव्हती, नोंदणी क्रमांक विचारल्यावर एजंटाने फोनच बंद केला. करारनामा जपानीत असेल तर मराठी किंवा इंग्रजी प्रत मागावी, पासपोर्ट कोणाच्या हवाली करू नये, आणि सहीपूर्वी तो कागद आपल्यातल्या एखाद्या वकिलाला दाखवावा. फी लागणार नाही.

दुसरे काम आपल्या बंदरांवरचे. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि नवे खलाशी ठरवले जातात. रेवस, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या भागातल्या कार्यकर्त्यांनी नाखवांना भेटून खलाशांची नावे, मूळ गाव, घरचा फोन आणि कागदांच्या प्रती मालकाकडे आणि विहार समितीकडे अशा दोन जागी ठेवाव्यात. पकडलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे घटनेचे २२ वे कलम सांगते. पण तो माणूस कोण, कुठला, हे त्या २४ तासांत सांगायला कोणीतरी लागते. जुलैत हे काम झाले तर ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या आत यादी तयार असेल.